वजनकाट्यापासून घरापर्यंत

१

एका गल्लीत एक घर होतं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे लोखंडी दार. त्या घरात फटफटीवाला राहायचा, त्याची शिवणकाम करणारी बायको राहायची, लग्न होऊन जाईपर्यंत त्यांची लेक राहायची, आणि या दोघींच्याही आधीपासून तिथे फटफटी राहायची. उजेडाची पुढची खोली फटफटीची. बायको आणि तिचं शिलाई मशीन मागच्या खोलीत, जिथे भरदुपारीही दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा जात नसे.

फटफटी होती लांब पल्ल्याची. पुढे वाऱ्याची काच, मागे दोन अंगांना दोन पत्र्याच्या पेट्या, सीट अशी ऐसपैस की बाळंतिणीनं पाय पसरावेत. फटफटीवाला छापखान्यात पानं जुळवायचा आणि कामाला चालत जायचा. "तिला असल्या फुटकळ फेऱ्यांना काढायची नाही," म्हणायचा. सुट्टी लागली की मात्र निघायचा. चार दिवस, आठ दिवस, कधी महिनाभर. एकटा. लग्नानंतर एकदा बायकोला मागे बसवून नेलं होतं, पण ती सारखी "अजून किती राहिलं" विचारते म्हणून पुन्हा नेलं नाही.

त्याची एक रीत होती. निघताना मीटरकडे बघायचं नाही. घरी पोचल्यावर, गाडी बंद केल्यावर, रुमालानं काच पुसून मग बघायचं. निघताना बघितलं की रस्ता आखडतो, असं तो म्हणे.

मीटरला पाच आकडे. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे गेलं की पाचही शून्यं. लेक पोटात होती तेव्हा त्यानं बायकोला शब्द दिला होता: लाख पुरे झाले की घरी बसेन. लाख पुरे झाले तेव्हा लेक दहा वर्षांची होती आणि तिचं पोट कापून अपेंडिक्स काढलं होतं. फटफटीवाला तिसऱ्या दिवशी इस्पितळात आला. चेहरा उन्हानं रापलेला, हसू कानापर्यंत. लेकीच्या उशाशी बसून त्यानं काय सांगितलं, तर शून्यं कशी एकामागून एक पालथी पडली ते.

"झाले ना लाख?" बायको म्हणाली. "आता?"

"अगं, आकडा शून्यावर आला म्हणजे गाडी नवी झाली. नव्या गाडीवर घरी कोण बसतं?"

"म्हणजे?"

"दोन लाख."

लेकीचं सलाइन संपत आलं होतं, ती तिकडे बघत राहिली.

आता दुसरी फेरीही सरत आली होती. अठ्ठ्याण्णव हजार सातशे. राहिले तेराशे. पण फटफटीवाल्याचे गुडघे धरायला लागले होते, फेऱ्या आखूड झाल्या होत्या, आणि या चालीनं तेराशेला दोन वर्षं लागली असती. लेक लग्न होऊन गेलेली. बायको छप्पन्न वर्षांची. तिला हवं तरी काय होतं? संध्याकाळी काम आवरून बसल्यावर आपण काही बोलावं आणि समोरून त्याचं उत्तर यावं. एवढंच. भिंतीशी बोलून बोलून तिचा जीव उबगला होता.

२

एकदा मीटरची केबल तुटली. फिटर घरीच आला. हा फिटर म्हणजे तोंडाचा तोफखाना. चाकाशी उकिडवा बसून काम कमी, गप्पा जास्त.

"वहिनी, हे मीटर चालतं कशावर, सांगा."

"मला काय करायचंय? इंजिनावर चालत असेल."

"सगळे असंच म्हणतात. ही जुनी गाडी. हिचं मीटर पुढच्या चाकावर. इंजिन बंद असू दे, माणूस नसू दे, चाक फिरलं की आकडा फिरला. हे बघा." त्यानं मेन स्टँडवर गाडी घेतली, मागचा भाग दाबला, पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. पायानं चाकाला टोला दिला. कोपऱ्यातला लहान आकडा हळूच सरकला. "घरबसल्या प्रवास. साधारण पाचशे फेऱ्यांना एक किलोमीटर."

"मग तुमच्या दादांना हेच सांगा. म्हणावं, इथेच फिरवा."

फिटर हसला. ती पण हसली. तो गेल्यावर मात्र ती बराच वेळ त्या खोलीत उभी होती.

तीस वर्षं उजव्या हातानं शिलाई मशीनचं चाक फिरवलेली बाई ती. चाक म्हणजे तिला काही नवलाचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फटफटीवाला छापखान्यात गेल्यावर तिनं अंगणातल्या विटा आणून मागच्या दोन्ही पेट्या भरल्या. पुढचं चाक वर आलं. ती बुटक्या स्टुलावर बसली, पदर खोचला आणि चाकाची तार धरून ओढली.

चाक सुरेख फिरलं. एका ओढीला आठ-दहा फेऱ्या. तासाभरात पाच किलोमीटर झाले. विटा परत अंगणात, पेट्या पुसून कोरड्या, गाडीवर कापड. मग ती कॉलर शिवायला बसली, आणि कितीतरी दिवसांनी तिनं शिवताना गाणं गुणगुणलं. यात पाप काय? माणसानं शब्द दोनदा फिरवला, आपण चाक फिरवतोय.

३

पहिले काही दिवस हात आणि चाक, यापलीकडे काही नव्हतं. दहाव्या की अकराव्या दिवशी चाक जड झालं.

एकदम नाही. आधीसारखंच फिरत होतं, मग ओढीला सहा फेऱ्या, मग चार, मग दोन. तिला वाटलं ब्रेक घासतोय. वाकून बघितलं, काही नाही. ती ओढत राहिली. खांदा भरून आला. मीटरवर पाऊण किलोमीटर गेल्यावर चाक पुन्हा हलकं झालं, आणि नुसतं हलकं नाही, तिनं हात काढून घेतला तरी आपलं आपण फिरत राहिलं. चांगल्या पन्नास-साठ फेऱ्या. वेग वाढतच गेला. तिनं हात घातला नसता तर थांबलं नसतं.

तिला सायकल यायची. लहानपणी भावाच्या सायकलवर शिकली होती. चढ आणि उतार हाताला-पायाला कसा लागतो ते तिला सांगायची गरज नव्हती. पण तिनं तो शब्द मनात येऊ दिला नाही. ग्रीस घट्ट झालं असेल, म्हणाली. दिवस थंडीचे होते.

पुढे एक सपाटी लागली, चांगली आठवडाभर. मग एका दुपारी हँडल आपोआप डावीकडे वळलं. तिनं सरळ केलं, ते पुन्हा वळलं. वळण संपल्यावर स्वतःच सरळ झालं. त्या दिवशी टायरच्या खाचेत तिला एक खडा सापडला, हरभऱ्याएवढा. ओला होता. जमिनीला न टेकलेल्या चाकात, बंद खोलीत. तिनं तो खिडकीतून फेकला आणि हात धुतले.

फिटरला बोलावून घेतलं. "चाक जड फिरतंय का बघा."

"तुम्ही कशाला फिरवायला गेलात?"

"पुसताना लक्षात आलं."

त्यानं चाक उचलून फिरवलं. खूप वेळ फिरू दिलं. "लोण्यासारखं फिरतंय, वहिनी. तुमचा खांदा दाखवा कुणाला तरी."

४

मधे फटफटीवाला तीन दिवसांची फेरी मारून आला. तोवर तिनं साठ किलोमीटर फिरवले होते.

परतीच्या दिवशी तो नेहमी गल्लीच्या तोंडाशी, वजनकाट्यापाशी थांबून फोन करायचा: "काट्यापाशी आहे, चहा टाक." त्या काट्यावर दगडाचे ट्रक वजनाला येत. तिथून घर एवढं जवळ की आधण येईपर्यंत दारात फटफट वाजायची. त्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन आला. तिनं चहा टाकला. चहा उकळला, आटला, काळा झाला. पावणेअकराला तो दारात.

"कुठे थांबला होता?"

"कुठे नाही. काट्यावरून सरळ आलो."

"सव्वा तास?"

त्यानं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. त्यात नऊ सदतीस झाले होते. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा. "सेल गेला असेल," म्हणाला. आणि रीतीप्रमाणे रुमाल काढून मीटरची काच पुसली, आकडा बघितला. बघतच राहिला. रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली, एवढंच.

घड्याळजीनं सांगितलं, सेल नवा आहे.

५

मग ते उत्तरांचं सुरू झालं.

आधी फार थोडं. ती विचारायची, "भाजी वाढू?" तो जेवत राहायचा. तिनं वाढून, आपलं ताट घेऊन, दोन घास खाल्ले की तो म्हणायचा, "नको, पुरे." तिला वाटायचं थट्टा करतोय. ती म्हणायची, "वाढून झाली." यावर तो काही म्हणायचा नाही, म्हणायचा ते ती भांडी घासायला बसल्यावर: "बरं, असू दे."

लेकीला फोन केला. लेक म्हणाली, "बाबांचं वय झालं, आई. कान दाखवून आण."

कानाच्या डॉक्टरनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठ्ठे गोळे लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. प्रत्येक आवाजाला त्यानं पापणी लवायच्या आत बटण दाबलं. डॉक्टर बाई म्हणाली, "यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"पण मी बोलले की उत्तर उशिरा देतात."

"आमच्याकडे तर देतच नाहीत," डॉक्टर बाई म्हणाली आणि दोघी हसल्या. फटफटीवालाही हसला. डॉक्टरच्या बोलण्यावर तो लगेच हसला, हे बायकोनं बघितलं.

छापखान्यातल्या मालकाला ती एकदा आडून विचारून आली. तिथे कुणाची काही तक्रार नव्हती. लेकीशी फोनवर तो पटापट बोलायचा. फिटरशी तासन्‌तास. उशीर व्हायचा तो तिच्याच बोलण्याला.

आता इतकं झाल्यावर शहाण्या माणसानं हात आवरला असता. तिनं आवरला नाही. तिला वाटलं, हा आपल्याला टाळतोय, मनानं अजून बाहेरच आहे. शून्यं पडली, घरी बसला, की येईल ताळ्यावर. म्हणून ती दिवसाला दोन-दोन तास चाक फिरवायला लागली. हाताला घट्टे पडले. चढ आले, उतार आले, ती मोजत गेली. साठाचे दोनशे झाले.

६

पुढच्या फेरीहून तो आला तेव्हा फोन सकाळी नऊला आला होता आणि माणूस दुपारी दीडला. पाठीवरच्या पिशवीत थर्मास होता. तिनं झाकण उघडलं, तर चहातून वाफ निघत होती.

"हा कधीचा?"

तो बूट काढत होता. बूट काढले, मोजे झटकले, पाय धुतले, जेवला. तीन वाजता, ती काजं करत बसली असताना, मागच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "काट्याच्या अलीकडच्या टपरीवर भरून घेतला. आत्ताच."

मग त्याचा त्यानंच विषय काढला. गाडी हल्ली पेट्रोल फार पिते म्हणाला. मीटरचा आकडा आणि टाकी यांचा मेळ बसत नाही. "त्या चढामुळे असेल," म्हणाला.

"कुठला चढ?"

ती वाट बघत राहिली. सुई हातात तशीच. हल्ली तिला सवय झाली होती. उत्तर आलं तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं.

"काट्यानंतरचा. दमवतो गं. पण वर पोचलं की मस्त उतार, हात सोडून द्यावा असा. मग सपाटी. आणि ते डावीकडचं वळण, तिथे वाळकं झाड आहे ना एक, तिथे ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं."

काट्यानंतर आपली गल्ली, ती म्हणणार होती. काट्यानंतर शिंप्याचं दुकान, पिठाची गिरणी, आणि आपलं दार. कुठे चढ नाही, झाड नाही, ओढा तर नाहीच नाही. पण ती म्हणाली नाही. तिच्या उजव्या हाताला तो चढ ठाऊक होता. ओल्या खड्याचा गारवा तिच्या बोटांना आठवत होता.

तिनं दोनशे किलोमीटर रस्ता केला होता. आणि तो कुठेतरी घालायला हवा होता, म्हणून तो काटा आणि दार यांच्यामध्ये जाऊन पडला होता.

७

शिवणारी बाई. शिवण चुकली की ती काय करणार? उसवणार.

दुसऱ्या दिवशी तिनं विटा भरल्या, स्टूल घेतलं आणि चाक उलट ओढलं. मीटर कुरकुरलं, पण आकडा मागे सरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज दहा-बारा असे उसवत गेलं तर तीन आठवड्यांत सगळा रस्ता उसवून होईल. उशीर लागेल शून्यांना, लागू दे. दोन वर्षं लागू देत.

पहिल्या दिवशी सहा उसवले. दुसऱ्या दिवशी आणखी सहा. हँडल आता उजवीकडे वळायचं, उतार होता तिथे चढ लागायचा. सगळं उलटं, पण तिचंच होतं, ओळखीचं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती अशीच ओढत असताना चाक थांबलं.

जड झालं नाही. थांबलं. समोरून कुणी येत असावं आणि अरुंद रस्त्यावर दोघंही थबकावीत, तसं. तिनं जोर लावला. चाकानं तिचा हात परत लोटला. हळूच, दुखेल असं नाही, पण लोटला. आणि ते पुढच्या दिशेनं फिरायला लागलं. तिच्या तळहाताखालून टायर सरकत होतं. एका चालीत, रमतगमत, कसली म्हणून घाई नसल्यासारखं. टायर गरम होतं, उन्हातल्या रस्त्यावर तापतं तसं.

तिनं छापखान्यात फोन लावला. मालक म्हणाला, "आहेत की. समोरच बसलेत, पानं लावतायत. देऊ का?"

"नको," ती म्हणाली.

ब्रेकच्या स्प्रिंगचा ताण असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग कापड आणून गाडी झाकली आणि त्या खोलीचं मधलं दार लावून घेतलं. दाराआड चाक बराच वेळ फिरत होतं. शिलाई मशीन चालवलं की ऐकू यायचं नाही, म्हणून तिनं त्या दिवशी दिवे लागेपर्यंत नुसत्या चिंध्यांवर टीप मारली.

८

पुढच्या वर्षभरात आणखी काही आखूड फेऱ्या झाल्या, दर वेळी तो तसाच उशिरा पोचला. राहिले दीडशे. "दोन दिवसांत पुरे करून येतो," फटफटीवाला म्हणाला. तिनं त्याचा हात धरला. असं ती कधी करत नसे. "नका जाऊ. राहिले तर राहिले. मला काही नको शून्यं."

त्यानं तिच्याकडे प्रेमानं बघितलं, हेल्मेट घातलं आणि गेला. याचं उत्तर त्यानं दिलं असेल तर ते रस्त्यात कुठेतरी दिलं असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपासूनच ती काट्यावर जाऊन उभी राहिली. ऊन लागत होतं म्हणून डोक्यावर टॉवेल घेतला होता. तिचा बेत साधा होता: इथेच गाठायचं, गाडी इथेच बंद करायची, आणि दोघांनी चालत घरी जायचं. तो रस्ता गाडीचा आहे. पायी माणसाला लागणार नाही.

नऊला फोन वाजला.

"काट्यापाशी आहे," तो म्हणाला. "आज एकदाच मीटर आधी बघितलं बघ. सगळे नऊ अर्धे वळलेत. दारात उतरलो की पाची शून्यं."

"मी पण काट्यापाशी आहे. तुम्ही दिसत नाही."

लगेच उत्तर आलं. किती दिवसांनी तिच्या बोलण्यावर लगेच उत्तर आलं. "मला दिसतेयस की. डोक्यावर टॉवेल घेतलायस."

तिनं चहूकडे बघितलं. काट्याच्या पत्र्यावर एक रिकामा ट्रक. टपरी. दोन हमाल बिडी ओढत बसलेले.

"थांबा तिथेच," ती म्हणाली. "गाडी बंद करा. खाली उतरा."

फोनमधून फटफटीचा आवाज येत होता. मग तो वाढला, आणि वाढत वाढत तिच्या अगदी जवळून, डाव्या खांद्याजवळून वारा गेला. टॉवेल उडाला. काटेवाला केबिनमधून डोकं काढून म्हणाला, "अहो बाई, तुमचे मालक आत्ता गेले ना घराकडे. हाक मारायची तरी. तुमच्याकडे बघून हात केला त्यांनी."

ती धावत घरी आली. दार तिनंच लावलं होतं तसं होतं. खोली रिकामी.

उसवून राहिलेले एकशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. चार तास, ती म्हणाली. एकला येतील. एक वाजला. तीन वाजले. उंबऱ्यावर बसून तिचे पाय बधिर झाले. एवढ्या वाटेला इतका वेळ का लागावा, तिला उमगेना. चढ तिला ठाऊक होते, मोडक्या जागा ठाऊक होत्या, सगळा रस्ता तिच्या हाताखालून गेला होता.

सहाच्या सुमाराला, दिवेलागणीला, फटफट वाजली. फटफटीवाला दारात उतरला, रुमाल काढला, काच पुसली. पाच शून्यं. अंगावर धूळ होती आणि चेहऱ्यावर असं समाधान की तिला बघवलं नाही.

"झाले," तो म्हणाला. "आता बसतो."

९

आणि बसला. या वेळी शब्द पाळला. त्याच आठवड्यात फटफटी फिटरला देऊन टाकली. बायकोनं फिटरला हळूच विचारलं, चाक कसं फिरतं म्हणून. "लोण्यासारखं," तो म्हणाला. पुढची खोली मोकळी झाली. तिनं मशीन खिडकीशी आणलं. आता दिव्याशिवाय सुईत दोरा जायचा. तिच्यासमोर खुर्ची टाकून फटफटीवाला दिवसभर बसायचा. पेपर वाचायचा, वाटाणे सोलून द्यायचा, नातू आला की त्याला मांडीवर घेऊन झुलवायचा. लेक म्हणाली, "आई, आता तरी रडगाणं सोड. बाबा चोवीस तास तुझ्यासमोर आहेत. बायका तरसतात याला."

सकाळी नऊला ती विचारायची, "चहा ठेवू?" संध्याकाळी सहाला तो म्हणायचा, "ठेव."

मग तिनं सकाळीच संध्याकाळचं विचारायची सवय लावून घेतली. माणूस कशालाही सरावतो. फक्त भांडता येत नसे. नऊ तासांनी आलेल्या उत्तरावर राग कुठून आणायचा?

एके दिवशी ती कॉलर कापत होती आणि तो समोर चष्मा लावून बसला होता. उजेड खिडकीतून त्याच्या तोंडावर येत होता, म्हणजे काचांत खिडकी दिसायला हवी, खिडकीपुढे मशीन, मशीनपुढे ती. तिचं सहज लक्ष गेलं. काचांत काहीतरी सरकत होतं. आधी तिला पक्षी वाटले. मग दिसलं, रस्त्याची कड होती ती, गवताची, डावीकडून उजवीकडे संथ जाणारी. एक वाळकं झाड आलं आणि गेलं. काही वेळानं तेच झाड पुन्हा आलं. आणि रस्ता जिथे बारीक होत जातो तिथे, अगदी टोकाला, एक उघडं लोखंडी दार होतं, आणि दारात बुटक्या स्टुलावर पदर खोचून बसलेली एक बाई. तिचा उजवा हात गोल गोल फिरत होता.

बायकोनं आपल्या हातांकडे बघितलं. एका हातात कात्री होती, दुसऱ्यात कापड. दोन्ही हात स्थिर होते. तिनं पुन्हा वर बघितलं तोवर त्यानं चष्मा काढून डोळे चोळायला घेतले होते.

त्या रात्री तिला झोप आली नाही. सकाळी अंघोळ करून ती त्याच्यासमोर बसली. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजत होते.

"चाक मी फिरवत होते," ती म्हणाली. "तुम्ही कामाला गेलात की. विटा भरून. तुम्ही लवकर घरी बसावं म्हणून. तो चढ, ते वळण, सगळं माझ्या हातचं आहे. मला माफ करा. आणि लवकर या."

तो वाटाणे सोलत होता. सोलत राहिला.

तिनं त्या दिवशी अकरा कॉलर लावल्या. मधे एकदा उठून त्याला जेवायला वाढलं. दुपारी लेकीचा फोन आला, तिच्याशी तो दहा मिनिटं हसून-खिदळून बोलला. ऊन खुर्चीच्या पायाशी आलं, मग उंबऱ्यावर गेलं, मग गल्लीत. सहा वाजले. साडेसहा वाजले. तिनं दिवा लावला.

सातला त्यानं पेपर खाली ठेवला आणि तिच्याकडे बघितलं. नजर मायेची होती, पण लांबून येत होती.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "पहिल्याच फेरीला कळलं. मला माझा आकडा कळत नाही होय? पण रस्ता असा सापडला गं, असा जन्मात सापडला नव्हता. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. म्हणून तर हळू चालवतोय. तू थांबू नकोस, फिरवत राहा."

असं त्या घराचं भाग्य उघडलं. नवरा कायमचा घरी आला, बायकोला उजेडाची खोली मिळाली, लेकीच्या जिवाला स्वस्थता लाभली, आणि फटफटीवाल्याला कधीच सरणार नाही असा रस्ता. गल्लीतल्या बायका अजून त्या घराकडे बोट दाखवतात आणि आपापल्या नवऱ्यांना सांगतात, बघा, संसार असा असतो. तसं सुख आपल्याला मिळो, असं म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.